बारा महिन्यांचं गाव

परवा चुलतभावानं एक तक्ता पाठवला. तो आणि वहिनी दोघंही येत्या मे महिन्यात निवृत्त होतात. पुण्याचा फ्लॅट लेकीला द्यायचा आणि समुद्रकाठी कायमचं राहायला जायचं, हे दोघांचं पक्कं झालं आहे. गावं निवडता निवडता आता दोनच उरली आहेत, केळशी आणि आंजर्ले. तक्त्यात डावीकडे मुद्दे आणि समोर दोन्ही गावांना दहापैकी गुण: किनारा, रस्ता, मोबाइलची रेंज, गुंठ्याचा भाव, मासळी, दवाखाना, पुण्याहून लागणारा वेळ. माझं आजोळ आडे, म्हणजे या दोन गावांच्या मधलं, हे या सदराच्या वाचकांना एव्हाना पाठ झालं असेल. तेव्हा निकाल मी द्यायचा, अशी दादाची अपेक्षा.

तक्ता मेहनतीनं केला होता. दादा बँकेत होता, त्याला असं काम आवडतं. पण शेवटची ओळ वाचून माझं डोकं फिरलं आणि आठवडा झाला तरी ते ठिकाणावर आलेलं नाही. त्या ओळीत लिहिलं होतं: शांतता. केळशी दहापैकी दहा, आंजर्ले दहापैकी दहा.

ज्यांनी तो किनारा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दापोली तालुक्यात हर्णैच्या उत्तरेला जोग नदीची खाडी आहे, ती ओलांडली की आंजर्ले. पूर्वी होडीनं जावं लागे, आता पूल आहे. वर कड्यावरचा गणपती, देवळापुढे तळं, आणि टेकडीवरून समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो. तिथून आणखी उत्तरेला पाडले, आडे, उटंबर करत गेलं की केळशी. महालक्ष्मीचं देऊळ, याकूबबाबांचा दर्गा आणि भारजा नदीच्या मुखाजवळ वाळूची ती उंच टेकडी, जिच्या थरांमध्ये संशोधकांनी जुन्या सुनामीच्या खुणा शोधल्या आहेत. खाडीपलीकडे मंडणगड तालुका सुरू होतो, कासवांचं वेळास तिकडचं. दोन्ही गावांत नारळी-पोफळीची आगरं आहेत, चिऱ्यांच्या गडग्यांमधून गेलेल्या पाखाड्या आहेत आणि दोन्ही किनारे सुंदर आहेत. त्याबद्दल वाद नाही.

दादा-वहिनींनी ही गावं पाहिली ती डिसेंबरात, जोडून आलेल्या सुट्टीत. डिसेंबरात कोकण कुणाला आवडत नाही? हवा गार, आकाश स्वच्छ, विहिरी भरलेल्या, आणि हर्णैच्या लिलावात हवी ती मासळी. 'मासळी' या मुद्द्याला दादानं नऊ गुण दिले आहेत. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात. त्या दिवसांत घरात सुकट, बोंबील आणि सोडे असतात, तेही वैशाखात कुणी वाळवून ठेवले असतील तर. दापोलीकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. फांदी तारेवर पडली की वीज जाते, आणि वायरमनला तिथवर पोचायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ ती जातेच. अंथरुणं दमट, कपडे दमट. दादाकडे चार कपाटं भरून पुस्तकं आहेत, त्यांतली कितीतरी त्याच्या वडिलांची. आषाढातल्या हवेत त्या पुस्तकांचं काय होणार, याला तक्त्यात ओळ नाही.

पाण्यालाही नाही. किनाऱ्याच्या वाळूतल्या विहिरींना पाणी वरच लागतं आणि गोड लागतं, म्हणून नवख्या माणसाला वाटतं इथं पाण्याला तोटा नाही. पण ते गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. घागरीनं शेंदून, रहाटानं ओढून आगर शिंपलं तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या ते टिकलं. आता कुणी शेजारी पर्यटकांसाठी चार खोल्या बांधतो, पोहण्याचा हौद करतो, दिवसभर पंप चालवतो, आणि एप्रिल संपता संपता आजूबाजूच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं. एकदा खारं पाणी आत शिरलं की पोफळी आधी माना टाकतात. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याचा मला अजून राग आहे. गाव निवडताना तिथली विहीर वैशाखात चाखून बघावी, समुद्राकडे नंतर बघावं.

गुंठ्याच्या भावाबद्दल मी फार बोलत नाही. कोकणातल्या सातबाऱ्यावर नावांची रांग असते, त्यातले निम्मे मुंबईत, काही वारलेले, त्यांच्या वारसांची नोंद नाही आणि एखाद्याचा पत्ताच कुणाला माहीत नाही. शेतजमीन घ्यायची तर शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. भरतीच्या रेषेजवळ बांधकामाला नियम आहेत. हे सगळं दापोलीतला चांगला वकील अर्ध्या तासात समजावून सांगेल.

शांततेचं मात्र मलाच बोलायला हवं. २००१ आणि २०११ या दोन जनगणनांच्या दरम्यान रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या कमी झाली. जवळपास सतरा लाखांवरून सोळा लाख पंधरा हजारांवर आली. देश वाढत होता, महाराष्ट्र वाढत होता आणि रत्नागिरी जिल्हा रिकामा होत होता. त्याच २०११च्या गणनेत या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशे वीसहून अधिक स्त्रिया होत्या. पुरुष आधी गिरणगावात गेले, गिरण्या बंद पडल्यावर जिथे काम मिळेल तिथे गेले, विरार, नालासोपारा, दिवा. नंतर बायका-मुलंही गेली. शाळेचा पट वीसच्या खाली आला. दादाला जी शांतता दहा गुणांची वाटली ती अशी तयार झाली आहे. संध्याकाळी आडेच्या पाखाडीनं चालत निघालं की दोन्ही बाजूंना घरं लागतात, खळी सारवलेली दिसतात, तुळशीवृंदावनं दिसतात, आणि दिवा मोजक्या घरांतच लागलेला असतो.

बंद घरांची खळी सारवलेली कशी, असं कुणी विचारेल. ती आमच्या आजोळच्या शेजारच्या काकूमुळे. सोड्यांच्या खिचडीची कृती ज्या काकूकडून घेऊन मी इथे छापली होती, तीच ही. तिच्या माजघरात देव्हाऱ्याशेजारी खुंटी आहे आणि त्या खुंटीवर मुंबईकरांच्या घरांच्या किल्ल्या. एका किल्लीला लाल नाडी, एकीला सुंभाचा तुकडा, एकीला शर्टाचं बटण. नाव कशावरच लिहिलेलं नाही. अंधारात हात घातला तरी तिला हवी ती किल्ली काढता येते.

आठवड्यातून एकेक घर ती उघडते. पुढचं दार, मागचं दार, खिडक्या. झाडून घेते, वाळवी कुठे चढली का बघते, कौल सरकून कुठे गळतं आहे का बघते. पावसाळ्यात त्या घरच्या चुलीत दोन लाकडं पेटवते. घराला धूर लागतो, असं ती म्हणते, आणि ते खरं आहे. धूर वाशांपर्यंत गेला नाही तर लाकूड कीड धरतं आणि चार पावसाळ्यांत छप्पर खाली बसतं. माणसं राहत असताना हा धूर आपोआप मिळायचा. आता तो काकूला जाऊन द्यावा लागतो, स्वतःच्या गुडघ्यांवर तेल चोळून, कडेला लाकडं घेऊन. तिला या कामाचे कुणी ठरवून पैसे दिलेले नाहीत. गणपतीला येणारे कुणी साडी आणतात, कुणी मिठाईचा पुडा, कुणी काहीच आणत नाहीत. आल्या आल्या घर स्वच्छ नाही म्हणून बोलणारेही तिथे मी ऐकले आहेत. त्या दिवशी मी त्यांना उत्तर दिलं आणि त्या घराशी आमचं बोलणं तुटलं. मला त्याचं वाईट वाटत नाही.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं. ते जमिनीवर चढलं श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला, पण दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यानं जे सोसलं ते बातम्यांत फार थोडं आलं. माझ्या आजोबांच्या हातच्या पोफळी एका दुपारी मोडून पडल्या. पोफळ मोडते ती मध्यावर, काडकन. ओळीच्या ओळी गेल्या. सुपारी लावल्यावर फळ धरायला पाचसहा वर्षं लागतात, म्हणजे वादळानंतर लगेच ज्यांनी रोपं लावली त्यांना आता कुठे पीक दिसायला लागलं आहे. पुष्कळांनी लावलीच नाहीत. लावून शिंपणार कोण आणि वर चढून पाडणार कोण? एका पोफळीवर चढून तिच्या शेंड्यावरून झोका घेत दुसरीवर जाणारे गडी आता एका गावात दोन सापडले तरी पुष्कळ.

त्या दुपारी बंद घरांची कौलं उडाली, पत्रे उडाले. घरांचे धनी मुंबईत, टाळेबंदीत अडकलेले. फोन बंद, वीज बंद, रस्ते झाडांनी अडलेले. वारा पडल्यावर काकू खुंटीवरच्या किल्ल्या घेऊन बाहेर पडली. तिच्या स्वतःच्या पडवीवर आंब्याची फांदी पडलेली होती, ती तशीच टाकून. एकेक घर उघडून तिनं आधी देव उचलले. टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, जे असतील ते फडक्यात बांधून घरी आणले. मग धान्य, मग कागदपत्रांच्या ट्रंका. टाळेबंदीमुळे गावी परतलेली दोन पोरं होती, त्यांच्याकडून शक्य तिथे ताडपत्री टाकून घेतली. रस्ता मोकळा होऊन एक मुलगा दापोलीकडे निघाला, तर त्याच्याजवळ तिनं चिठ्ठ्या दिल्या. जिथे रेंज मिळेल तिथून प्रत्येकाला कळव: घर उघडं पडलंय, देव माझ्याकडे आहेत, काळजी करू नका.

त्या सबंध पावसाळ्यात तिच्या देव्हाऱ्यात पाच घरांचे देव होते. प्रत्येकाचा कुळाचार वेगळा. कुणाच्या देवाला सोमवारी भाताचा नैवेद्य, कुणाच्या घरी चतुर्थीला मोदकच हवेत, कुणाकडे श्रावणात शुक्रवारी पुरण. काकूनं ज्याचं त्याला केलं. हे मला कसं कळलं? ती आपण होऊन कधीच बोलली नसती. पुढच्या वर्षी मी तिच्याकडे बसले असता एका घरची सून आपले टाक न्यायला आली आणि ते फडक्यातून बाहेर काढताना काकूनं तिला सांगितलं, 'ह्यांस शुक्रवारी पुरण लागतं हां गो, मी दिलंय, खंड नाही पडू दिला.' सुनेला तो कुळाचार ठाऊकच नव्हता.

दादाच्या तक्त्याबद्दल काकूला मी काही सांगितलं नाही. पण मागे एकदा तिला विचारलं होतं, मुलगा विरारला बोलावतो तर जात का नाहीस? ती म्हणाली, 'पूर्वी पहाटे पडल्यापडल्या कळायचं, कोणाच्या बावीवर रहाट चालू झाला, कोणाची म्हैस दोहायची झाली, कोणाचं पोर रडतंय. आता पहाटे नुसता दर्या ऐकू येतो. रात्री छातीत कसंसं होतं.' नुसता समुद्र ऐकू यावा म्हणून माझा भाऊ आयुष्याची पुंजी घेऊन तिथे निघाला आहे.

म्हणून नव्यानं येणाऱ्यांबद्दल मला धास्ती वाटते. याच किनाऱ्यावरच्या एका गावात शहरातून एक कुटुंब येऊन राहिलं. चांगली, शिकलेली माणसं. वर्षाच्या आत त्यांनी ग्रामपंचायतीत दोन अर्ज दिले. एक, शेजारच्या खळ्यात सुकट वाळत घालतात, तिचा वास येतो. दोन, शिमग्यात पालखी घरोघर नेताना रात्री उशिरापर्यंत ढोल वाजतात. शिमगा! वर्षभर रिकामं असलेलं गाव ज्या दिवसांत भरतं, बंद घरांची दारं उघडतात, देव स्वतः पालखीत बसून प्रत्येकाच्या खळ्यात येतो, ते दिवस यांना गोंगाटाचे वाटले. गणपतीत रात्रभर जाखडी चालते, भजनाला टाळ-मृदंग असतात, एसटीच्या जादा गाड्यांनी माणसं येतात, एकेका घरात तीस-तीस पानं उठतात. तेव्हा त्या गावाचा जीव त्याच्या अंगात परत येतो. ज्याला हे सहन होत नाही त्यानं कोकणात घर घेऊ नये, पुण्यातच दारं-खिडक्या लावून बसावं. कठोर वाटेल, पण मी हे मनापासून म्हणते आहे.

दादा-वहिनी तसे नाहीत, हे मला ठाऊक आहे. वहिनीला माणसं लागतात. तिनं तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे, आणि पट कमी असलेल्या शाळेत आठवड्याचे दोन दिवस जाऊन मुलांचं गणित घेणारी बाई आली तर त्या शाळेला किती आधार होईल, ते तिला सांगायला नको. दादाला हिशेब येतात. ग्रामपंचायतीचा जमाखर्च वाचू शकणारा आणि ग्रामसभेत उठून दोन प्रश्न विचारणारा माणूस कुठल्याही गावाला हवाच असतो. मतदारयादीत नाव तिकडचं करा, रेशनकार्ड तिकडचं करा, घरपट्टी वेळेवर भरा. शेजाऱ्याच्या मयताला खांदा द्या, लग्नाला वाढायला उभे राहा.

आता निकाल. मला स्वतःला केळशी जास्त आवडते. तिथल्या आगरांमधून चालताना दुपारीही सावली सुटत नाही, चैत्रात महालक्ष्मीचा उत्सव सगळं गाव अंगावर घेतं, आणि शेवटाला असल्यामुळे शनिवार-रविवारच्या गाड्यांचा लोंढा तिथवर पोचेपर्यंत बराच ओसरलेला असतो. सागरी महामार्गाच्या आराखड्यात केळशीच्या खाडीवरचा पूल आहे. तो झाल्यावर गाव शेवटाचं राहणार नाही, मधलं होईल, आणि तेव्हा काय होतं ते आंजर्ल्यानं जोग खाडीच्या पुलानंतर पाहिलेलं आहे. पण दादाच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे, आणि 'दवाखाना' हा मुद्दा त्यानं 'किनारा' या मुद्द्याच्या खाली, बारीक अक्षरांत लिहिला आहे. रात्री दोन वाजता, श्रावणात, छातीत दुखायला लागलं तर दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय आंजर्ल्याहून जवळ आहे. केळशीहून तेच अंतर बरंच वाढतं, वळणं वाढतात, आणि मध्ये एक झाड आडवं पडलं की संपलं. दापोलीतून पुढे न्यायची वेळ आली तर आणखी घाट आणि आणखी तास. मला भाऊ हवा आहे. म्हणून आंजर्ले.

मात्र लगेच विकत काही घेऊ नका. आधी एक वर्ष भाड्यानं राहा आणि ते वर्ष ज्येष्ठात सुरू करा. आंजर्ल्यात एक घर मी विचारून ठेवलं आहे. खाडीच्या बाजूला, आगराला लागून, विहीर मेमध्येही गोडी असते असं शेजारच्यांनी सांगितलं. घरमालक मुलुंडला असतात. गणपतीत आणि शिमग्यात त्यांना वरच्या दोन खोल्या लागतील, तेवढे दिवस एकत्र राहावं लागेल. वहिनी, तुम्हाला ते आवडेल. पुस्तकांची कपाटं पहिल्या वर्षी पुण्यातच ठेवा. पाऊस पडायच्या आत कौलं परतून घ्यायला हवीत, आणि ते काम करणारा त्या बाजूला एकच माणूस उरला आहे, त्याचा मे महिना भरत आला आहे. मी शिमग्याला आडेला जाते आहे, तेव्हा त्याला तारीख मागून येईन. दादा, होय की नाही ते त्याआधी फोनवर कळव, तक्ता नको.